मंदारच्या खाटेपाशी कोणाला येऊ द्यायचं

"बुलेट उजव्या बाजूने आत शिरून पाठीतून बाहेर पडलीय," डॉक्टर म्हणाले. "हिमोथोरॅक्स आहे. आम्ही आयसीडी टाकतोय."

हिमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुसाभोवती रक्त साठणं. त्या रक्ताच्या दाबाने फुफ्फुस मिटून बसतं. आयसीडी म्हणजे बरगड्यांच्या मधून छातीत घातलेली नळी. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत पाण्यात बुडालेलं असतं, रक्त आणि हवा तिथे उतरते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी डॉक्टरांनाच झापलं. "नाव नीट बघा. माझा मुलगा कॉल सेंटरला जातो. त्याला कोण कशाला गोळी मारेल?"

नाव बरोबर होतं. मंदार रविवारी संध्याकाळी हायवेजवळच्या एका बारमध्ये होता. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या मुलांनी त्या दिवसापुरता तो बार भाड्याने घेतला होता, गाण्यासाठी, साड्या नेसून नाचण्यासाठी. दोघंजण आत शिरले आणि त्यांनी पिस्तुलं रिकामी केली. पाच मुलं गेली. माझा वाचला. चोवीस वर्षांच्या मुलाबद्दल मला दोन गोष्टी एकाच बाकावर बसून कळल्या, आणि खरं सांगते, दुसरी पचवायला वेळच नव्हता. पहिलीच बाटलीत लाल लाल उतरत होती.

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा मी दोनदा बघते. तेव्हा ज्यांच्यावर हॉस्पिटलच्या बाकावर बसायची वेळ येईल, त्यांनी माझं थोडं ऐकून घ्या आणि थोडं सोडून द्या.

पहिली चूक आम्ही त्याच दिवशी केली. नवघरला आमच्या सोसायटीत सांगितलं की मंदारला रिक्षाने उडवलं. मग काय, लोक शहाळी घेऊन यायला लागले. कोणी म्हणे हाडाला डिंकाचे लाडू द्या, कोणी म्हणे रिक्षाचा नंबर घेतला का? मी बरगडी मोडली म्हणाले की मंदारचे बाबा पाय मोडला म्हणायचे. शेवटी टीव्हीने आमचं भांडं फोडलं. सेक्रेटरी शहाभाई आले, खाली मान घालून म्हणाले, "भाभी, टीवी में जो दिखा रहे हैं, वो अपना मंदार तो नहीं ना?" मी म्हटलं, "अपनाही है." त्यानंतर शहाळी बंद झाली.

टीव्हीवर दिवसभर तेच. स्त्रीवेषातले तरुण, स्त्रीवेषातले तरुण. एक पुढारी म्हणाला, गोळीबार वाईटच, पण असल्या जागी जायचं कशाला? मारणारे कोण, कुठे पळाले, हे कोणाच्या तोंडी नाही. मेलेली मुलं तिथे काय करत होती, एवढीच सगळ्यांना चौकशी. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बहिणीने मधला पडदा ओढून घेतला तो उघडलाच नाही, पलीकडून तिच्या टीव्हीचा आवाज तेवढा यायचा.

एक मुलगी मोसंबी घेऊन आली. मंदारच्या ऑफिसातली म्हणाली, मला ताई ताई करत बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "आईने तोंड लपवलं." कसलं तोंड लपवलं, मी डोळे पुसत होते! त्या दिवसापासून मी वॉर्डाच्या दारात स्टूल टाकलं. कोण, कुठून, कशाला, हे सांगितल्याशिवाय मंदारच्या खाटेपाशी कोणी फिरकायचं नाही. वॉर्डबॉयसुद्धा मला विचारून आत जायला लागला.

इकडे मंदारचं फुफ्फुस काही उघडेना. फिजिओथेरपीवाली तीन गोळ्यांचं यंत्र घेऊन यायची. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की आतल्या गोळ्या वर चढतात. मंदार एकही गोळी चढवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "त्याने खोल श्वास घ्यायला हवा, खोकायला हवं. नाहीतर आत रक्ताच्या गुठळ्या धरतील आणि छाती उघडावी लागेल."

मंदार श्वास ओढत नव्हता, पण दुखत होतं म्हणून नव्हे. तो रोज एकच विचारत होता, "प्रवीण कुठाय?"

प्रवीण खाडीकडच्या कोळीवाड्यातला. दोन वर्षं आमच्या घरी यायचा, येताना पापलेट आणायचा. हा एवढा चिकटतो कशाला, असं मला तेव्हाही वाटायचं. प्रवीण त्या पाचांतला होता. मंदारच्या अंगावर पडला होता तो. नंतरच्या गोळ्या त्याने घेतल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, इतक्यात सांगू नका. म्हणून आम्ही म्हणायचो, दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, बरा आहे. मंदारने एकदा माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाला, "आई, तुला खोटं बोलता येत नाही," आणि तोंड भिंतीकडे केलं. मग औषध घेईना, जेवेना. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं.

त्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी दारात एक बाई आली. काष्ट्याचं लुगडं, हात रिकामे. मी दार अडवलं. "कोणत्या पेपरवाल्यांनी पाठवलं?"

"पेपरवाली न्हाय मी बाय. प्रवीनची आय हाय. जयवंती."

माझा विश्वास बसेना. मोसंबीवालीही अशीच गोड बोलली होती. मी विचारलं, "प्रवीण आमच्याकडे यायचा, तर घरी काय सांगायचा?"

"तुमी सोलकढीत साखर घालता म्हनून हसायचा." तिने पदराने नाक पुसलं. "बोलायचा, आये, प्यायला लागते गं, मावशीला वाईट वाटंल."

मी स्टुलावरून उठले आणि तिला बसवलं.

ती हळूहळू बोलली. मयताला भावकीतले मोजके आले, तेही खाली बघत. "आमच्यात हलदीला पोरं लुगडं नेसून नाचतान. माजा प्रवीन नाचाया लागला की आख्खा गाव टाल्या वाजवायचा. माजी जाऊ सोताचं लुगडं काढून द्यायची त्याला, हौशीनं. आता टीवीवर बोलले, लुगड्यातली पोरं, तवा तीच जाऊ दार लावून बसली. लुगडं तेच ना बाय? पोर बी तोच."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"मना तुज्या पोराला एकच विचारायचा हाय," ती म्हणाली. "शेवटाला बाजूला तोच व्हता."

हिला बघितलं की मंदारला कळणार. कळलं आणि त्याने हाय खाल्ली तर? मंदारचे बाबा म्हणाले, "वेडी झालीस का? गुरुवारी ऑपरेशन आहे." मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "आधी मीच नको म्हणालो होतो. पण नळी असलेला माणूस रडला तर चालतं. असा श्वास धरून पडून राहिला तर चालत नाही."

मी तिला हाताला धरून आत नेलं.

मंदारने मान वळवली. तिला बघितलं आणि समजला. आम्हाला कोणालाच काही सांगावं लागलं नाही.

"माजा पोर नाचत व्हता का रं तवा?" तिने विचारलं.

"हो मावशी."

"बरा नाचत व्हता?"

"सगळ्यांत बरा," मंदार म्हणाला.

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा मंदार रडला. लहानपणी रडायचा तसा, हुंदक्यांवर हुंदके, मधे खोकला, परत हुंदके. बाटलीत बुडबुडे उसळले, नळीतून काळपट रक्त उतरायला लागलं. मी किंचाळले, "सिस्टर!" सिस्टर धावत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या. निघतंय ते चांगलंय."

पडद्यापलीकडे त्या पेशंटच्या बहिणीने टीव्ही बंद केल्याचं मला ऐकू आलं.

बुधवारच्या एक्स-रेत फुफ्फुस अर्धं उघडलेलं होतं. ऑपरेशन रद्द झालं. मी डॉक्टरांना म्हटलं, हे त्या रडण्याने झालं. ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, गुठळी सुटायचीच होती. डॉक्टरांवर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही.

जयवंतीबाई रोज यायला लागल्या. यंत्र मंदारच्या तोंडाला लावून ओरडायच्या, "वढ! मेल्या, वढ!" दोन गोळ्या चढल्या, मग तिसरी. मी बाजूला बसून बघायचे. आपलं दुःख घरी ठेवून दुसऱ्याच्या पोराला श्वास घ्यायला लावणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

सुट्टी मिळण्याच्या आदल्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. इतर मुलांनी खोटी नावं सांगितली होती किंवा गावं सोडली होती. त्यांना तरी काय दोष द्यायचा? कायद्याच्या लेखी तेव्हा, तीनशे सत्त्याहत्तर कलमाखाली, ती मुलंच गुन्हेगार. आमच्या ओळखीच्या वकिलाने बजावलं होतं, जेवढ्यास तेवढं बोला. मंदारने सगळं सांगितलं. दोघांचे चेहरे, कोणाच्या हातात काय होतं, प्रवीण कसा अंगावर पडला.

"हा प्रवीण तुझा कोण?" हवालदाराने विचारलं.

मंदारने माझ्याकडे बघितलं. मला सांभाळून घेत होता तो, छातीत भोक असलेला माझा मुलगा.

"मित्र," तो म्हणाला.

हवालदार लिहायला लागला. जयवंतीबाई खाली फरशीकडे बघत होत्या.

"खोडा ते," मी म्हटलं. "मित्र नव्हता. माझ्या मुलाचा जोडीदार होता. तसंच लिहा."

हवालदाराने पेन थांबवलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत संशयाने न्याहाळलं. न्याहाळू दे म्हटलं.