चांदावर वारा नाही

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचे पुनमचंद राठोड हळद शिजवून पॉलिश करून देण्याची कामं घेतात. हंगामात त्यांच्या पापण्यांवरही पिवळी धूळ असते. त्यांची मुलगी पुजा इंजिनीयर झाली आणि अवकाश संशोधनाच्या एका संस्थेत तिला पीएचडीसाठी जागा मिळाली. गाव लांब, दक्षिणेत. मुदत पाच वर्षं. शिष्यवृत्ती होती, तरी पुनमचंदांना वाटत होतं की पोरीनं आता हिंगोलीत नोकरी धरावी. संस्थेला उत्तर मात्र आजच कळवायचं होतं.

"पाच वर्षं शिकणार काय तू?" त्यांनी विचारलं.

"चांदावरची धूळ, बापू. यंत्राला चिकटली की निघत न्हाई. काहून चिकटते, ते शोधायचं."

"धूळच पाहिजे तर तुझ्या बापाचं धोतर झटक की," पुजाची आई भिकाबाई चुलीपासून म्हणाल्या.

पुजा हसली. "याडी, इथली वाऱ्यानं उडते. तिथं वाराच न्हाई. पन्नास वर्षांमागं माणसं तिथं चालून आली. त्यांची पावलं अजून तशीच हायेत."

पुनमचंदांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख तुडवला होता. त्यातल्या एकाही वाटेची खूण आज कुणाला दाखवता येत नाही.

"पुसलीच न्हाईत?"

"कोण पुसणार?"

ते तिच्याजवळ येऊन बसले.

"फोटू हाय?"

"हाय की. वरून काढलेला." पुजानं मोबाइल उघडला.

"थांब," ते म्हणाले. "आधी त्यांना येते म्हणून कळव. मग दाखव."