खंडेनवमीचं शिळं हिरवं

“आरं, माझ्या अर्ध्या लिहिलेल्या बातम्या लोक वाचायलेत! झोपलाव का तिकडं? दत्तूचं नाव हाय त्यात, त्याची नोकरी जाईल!”

उमरग्याहून अप्पांचा फोन. अप्पा म्हंजे आमचं गिऱ्हाईक. लहानसं साप्ताहिक काढतात, त्याची वेबसाईट आमच्या तुळजापूरच्या हापिसातनं चालती. तोंडातला पेढा तसाच धरून मी भिंतीवरच्या टीव्हीकडं बघितलं. सगळं हिरवं.

म्हनलं, “अप्पा, आमच्याकडं तर समदं ओके दिसायलंय.”

असं बोलनारा गाढव म्हंजे मीच.

आधी माझं काम सांगतो. शाळा मला झेपली न्हाय, आन शाळेला मी. हापिसात घेतलं ते बटनं दाबायला. साईटमदी काय बी बदललं की एकेक बटन दाबून बघायचं, चालतंय का. मंग व्हिडिओ बघबघून म्या हेच काम कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरला शिकवलं. त्याला म्हनतात ऑटोमेटेड टेस्ट. नवा बदल आला की तो साईटच्या नकलेवर खोटी बातमी लिहितो, छापतो, पुसतो. जमलं तर टीव्ही हिरवा, न्हाय तर लाल. त्यातली एक टेस्ट माझी लई लाडकी. ड्राफ्ट, म्हंजे अर्धवट ठेवलेली बातमी, भायेरच्या मानसाला दिसली न्हाय पायजे.

“मंग तुझी लाडकी फेल का झाली न्हाय?” अप्पांचा फोन ऐकून आमचे हापिसचे साहेब वरडले.

मी कोपऱ्यात बघितलं. कम्प्युटरला झेंडूचा हार, हळदकुंकू, म्होरं नारळ. खंडेनवमी व्हती. पूजेतल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावत न्हाईत, म्हनून सकाळी म्याच तो बंद केला. वर हात जोडले. टेस्ट चाललीच नव्हती. टीव्हीवरचं हिरवं कालचं व्हतं!

“आन साईटवर बदल कोनी चढवला?” म्या इचारलं.

साहेबांनी सोताकडं बोट केलं. त्यांचा लॅपटॉप पूजेतनं सुटला व्हता, कारन त्याच्यावर मॅच चालू व्हती. दसऱ्याची जाहिरात मोठी दिसावी म्हनून त्यांनी तिथनंच पहिलं पान बदललं. त्यात ड्राफ्ट झाकायची अट उडाली.

“टीव्ही हिरवा व्हता की!”

“मला इचारायचं तरी, साहेब!”

“तू आरती म्हनायलास, तुला काय इचारू?”

माझं डोस्कंच फिरलं. जास्त राग साहेबांचा का माझा, ते आजून ठरलं न्हाय. म्हनलं, “भांडन मागनं. आधी जुनं पान चढवा!”

चढवलं. ड्राफ्ट झाकले. पन तवर त्या बातमीचे फोटो निघून गावभर फिरले व्हते. रस्त्याचा ठेकेदार डांबर कमी टाकतो, हे दत्तूनं अप्पांना सांगितलेलं, तेच ड्राफ्टात व्हतं. दत्तू त्याच ठेकेदाराच्या टिप्परवर ड्रायव्हर. पुरावा हातात आला की नाव काढून बातमी छापायची, असं अप्पांचं ठरलेलं.

संध्याकाळी ठेकेदारानं दत्तूकडनं टिप्परची चावी काढून घेतली.

साहेबांनी अप्पांना मेसेज टाकला: टेक्निकल प्रॉब्लेम झाला, क्षमस्व. ते वाचून मी पेटलोच. “टेक्निकल कशाचं? बटन मी बंद केलं, बदल तुमी चढवला. कम्प्युटर बिचारा हार घालून बसलाय!”

दसऱ्याला आपट्याची पानं घिऊन उमरग्याला दत्तूकडं गेलो. एरवी समद्यास्नी हसवनारा मीच, पन त्या दिशी इनोद बाजूला ठिवला. समदं खरं सांगितलं.

दत्तूनं पानं घेतली. म्हनाला, “म्हंजे तुमच्या कम्प्युटरला सुट्टी व्हती.”

“व्हय.”

“त्याची किती दिवसाची व्हती? माझी तर आजपासनं चालू झाली.”

आता टेस्ट चालल्याबिगर कुनालाच बदल चढवता येत न्हाय, साहेबांना बी न्हाय. निकाल शिळा झाला की टीव्ही आपोआप लाल व्हतो. खंडेनवमीला हार घालतो, पन चालू कम्प्युटरला. दत्तूला आजून कुनी टिप्पर दिला न्हाय. हिरवं दिसलं की मी आधी इचारतो, कवाचं?