भवानी होईपर्यंत

ओल्या बारदानातल्या हिरव्या वांग्यांचा वास आला की मला पारोळ्याच्या बाजारातली ती सकाळ आठवते. शासनाच्या अनुदानातून शेतकऱ्यांसाठी नवे ओटे आणि वर पत्र्याची शेड झाली होती, आणि ते वापरात दिसले तरच पुढचा हप्ता मिळणार होता. बाजाराचं हे काम माझ्याकडे होतं, जळगावहून तपासणीच्या मॅडम निघाल्या होत्या, आणि ओटे रिकामे. भाजीवाल्या बाया आपल्या जुन्याच जागी, खाली मातीत बसलेल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर अक्कांना मी हात जोडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अजून भवानी व्हयनी नही, भाऊ. व्हयनी का उठसू." पहिली विक्री झाल्याशिवाय मांडलेली पाटी हलवायची नाही, असा त्यांचा नेम. मीच घेतो म्हणालो, तर माझ्याकडे नुसता फोन, आणि भवानीला त्यांना रोखच लागायची. तेवढ्यात सरकारी गाडी आली. अतिक्रमणवाले समजून होती ती गिऱ्हाइकंही पांगली. मॅडमनी रिकाम्या ओट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कसंबसं कारण सांगितलं. त्या अक्कांसमोर उकिडव्या बसून भरताचं एक वांगं हातात तोलत राहिल्या, ठेवलं, दुसरं उचललं. अखेर रोख पैसे देऊन ते घेतलं, आणि त्या शेजारच्या बाईकडे सरकल्या, मग तिच्या पुढच्या. ड्रायव्हरच्या हातातली पिशवी फुगत गेली आणि त्यांच्या पाठीमागे एकेक पाटी ओट्यावर चढत गेली. आता त्या बाजाराची काळजी दुसऱ्या कुणाकडे आहे, तरी सकाळी ते रिकामे ओटे दिसले की मी आधी खिशात रोख पैसे आहेत का ते चाचपतोच.