स्वप्न एकाचं, बंधन दुसऱ्याला

पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. मी चांद्याच्या जंगलात सागवानाच्या आगारावर लाकूड मोजायच्या कामाला होतो. धाकटी बहीण वरोऱ्याला सासरी असताना विधवा झाली; पदरात एक लहान मुलगी. आमच्यात विधवेनं पुन्हा लग्न करण्याआधी इद्दत पाळायची असते. कुराणात तिची मुदत चार महिने दहा दिवस सांगितली आहे. ती तिनं पुरी पाळली. मग मी तिच्यासाठी एक बिजवर गवंडी पाहिला. माणूस सरळ होता, तिलाही पसंत होता.

तेवढ्यात तिच्या सासऱ्याचा निरोप आला की दर्ग्याच्या बाबांना इल्हाम झाला आहे, म्हणजे मनात ईश्वरी संकेत उतरला आहे. बहिणीचा मेलेला नवरा बाबांच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला दुसरीकडे देऊ नका.

गवंड्याच्या घरचे कचरले. बाबांची बद्दुआ कोण घेणार? सासऱ्याला सून का सोडवत नव्हती, ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. त्या घरच्या विड्या तीच वळायची, त्यावरच घर चालायचं.

मी वरोरा गाठलं आणि तिथल्या मौलवींकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "इल्हाम खरा असला तरी ज्याला झाला त्याच्यापुरता. दुसऱ्यावर तो हुकूम होत नाई. शरियतनं जे हलाल केलं, ते कोणाचं सपन हराम करू शकत नाई."

"मग हेच जुम्म्याला मशिदीत सांगा."

"भाऊ, लोक दर्ग्याले मानतात. मले इथीच राह्यचं आहे."

माझं डोकं फिरलं. ओंडक्याची गोलाई मनात उतरली असं आगारावर कोणी म्हणालं, तर त्याला आम्ही फीत लावायला सांगतो. इथं एका बाईचं उरलेलं आयुष्य होतं, आणि त्याला कोणी फीत लावायला तयार नव्हतं.

तसाच उठून सासऱ्याच्या ओसरीवर गेलो. बाबा तिथंच बसले होते. मी म्हणालो, "मीही दर्ग्यावर चादर चढवतो. तिथं निजलेल्या वलींपुढे माझीही मान झुकते. तुम्हाला स्वप्न पडलं नाही असंही मी म्हणत नाही. पण पडलं तुम्हाला, तर पाळा तुम्ही. करू नका दुसरं लग्न!"

"जबान सांभाळ," सासरा ओरडला. "काफरावानी बोलून राह्यला!"

बहीण डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, बाबांच्या पाया पडणारी बाई ती.

"बाबा, ते खरंच आले होते?"

"हो बेटी."

"मी तं इथीच आहे, त्यायच्याच घरात. मले सोडून तुमच्याकडे काऊन गेले? रस्ता चुकले का?"

रस्त्यावरचं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"पोरीले खोकला आहे. तिचं काई पुसलं का त्यायनं?"

बाबा तसबीचे मणी ओढत राहिले.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गवंड्याच्या कानावर गेली. तो एकटाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मले मंजूर आहे. पोरगीबी आणा संगं."

निकाह मौलवींनीच पढवला. त्या दिवशी त्यांचा आवाज मशिदीबाहेरही ऐकू येत होता. लोक म्हणाले, मौलवींनी काय हिंमत केली! मी त्यांना सरबतही विचारलं नाही.