जानरावांच्या घरचं भोजनदान

जानराव एसटीत कंडक्टर होते. तिवसा-अमरावती रस्त्यावर फुकट्या प्रवाशांना भर उन्हात खाली उतरवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर उतरवायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते टीव्हीसमोर बसून देशच्या देश झोडपू लागले. माणूस मनाचा वाईट नव्हता असं म्हणायची रीत आहे. पण त्या दिवशी ते वाईटच वागले.

त्या वर्षी अमरावतीतल्या त्यांच्या वस्तीच्या विहारात श्रीलंकेचे म्हातारे भंते सोभित वर्षावासाला राहिले होते. पावसाळ्याचे तीन महिने मुक्काम, रोज एकेका घरचं भोजनदान. भंते दारात पात्र घेऊन उभे राहतात, मागत नाहीत, आणि दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नाहीत. जानरावांच्या बायकोचे, केशरबाईंचे, गुडघे पार गेलेले. तरी एकदा आपल्या हातानं रांधून भंतेंना वाढायचं, एवढी एकच आस त्यांना होती.

नेमकं त्यांची पाळी आली त्याच आठवड्यात चीनचं हेरगिरीचं जहाज लंकेच्या बंदराकडे निघालं. दिल्ली म्हणाली, येऊ देऊ नका. चीन म्हणाला, बंदर आमच्या पैशानं बांधलंय. अमेरिकेनंही मध्ये तोंड घातलं. बिचारी लंका सकाळी नाही म्हणे, संध्याकाळी हो म्हणे. जानरावांनी इकडे डोक्यात राख घालून घेतली. चीन काही हाती लागत नव्हता, भंते लागत होते. वड्याचं तेल वांग्यावर!

भंते जेवायला येणार त्या दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

"चीनच्या दोस्ताले माह्या घरचं वरण नाही!"

"अवो, त्या बंदरापायी भंतेजींच्या भावाचं वावर गेलं," केशरबाई म्हणाल्या. "त्यायनंच सांगतलं मले."

"मंग तिथं जाऊन भांडावं ना. इथं काहून येऊन राहिला?"

भंते आले, कुलपासमोर गुमान उभे राहिले. ठरलेलं घर सोडून ते दुसऱ्या दारी गेले नाहीत. आत केशरबाई रडत होत्या, नवऱ्याला नाही नाही ते बोलत होत्या. जानराव घड्याळाकडे बघत बसले. नियम त्यांना पाठ होता.

बारा वाजले. भंते वळून निघाले, तेव्हा जानरावांनी किल्ली बायकोपुढे फेकली. "जाय आता."

केशरबाई ताट घेऊन लंगडत विहारात पोचल्या. भंतेंनी पात्रावर आडवा हात ठेवला आणि त्यांना आशीर्वाद दिला. ते रागावले असते तर केशरबाईंना सोसलं असतं.

परत आल्या तेव्हा टीव्हीवर जहाज बंदराला लागल्याचं सांगत होते. त्यांनी ते ताट जानरावांपुढे आदळलं.

"घ्या, गिळा! चीनचं जहाज तं लागलं बंदराले. तुमी एक म्हातारा भिक्खू उपाशी ठेवला. लय मोठी लढाई जितली!"

वर्षावास संपेपर्यंत केशरबाईंनी नवऱ्यासाठी गॅस पेटवला नाही.