दुधाचा हात लागलेला कापूस

सुशील जगताप दिवसभर हॉर्नबीतल्या एका वर्कशॉपमध्ये जळलेल्या मोटारींना तार गुंडाळतो आणि घरी येऊन पुन्हा तारच गुंडाळतो. फरक एवढाच की तिथली मोटार कलिंगडाएवढी असते आणि घरची कॉइल तांदळाच्या दाण्याएवढी. ही घरची कॉइल त्याच्या वेपमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटीत, बसते. तयार मिळते, पण याला ती चालत नाही. "तयार कॉइलला चव नसते, काकू," असं तो पुरणपोळीबद्दल बोलावं तसं बोलतो.

हा आमचा भाडेकरू. इथे परदेशात, रिकार्टनला माझ्या मुलीच्या घरामागे एक खोली आहे, तिथे राहतो. मुलगी आणि जावई दिवसभर नोकरीवर, म्हणून त्याचं पुराण माझ्या वाट्याला. वय छत्तीस. इस्लामपूरहून शिकायला आला, शिक्षण झालं, नोकरी लागली, इथलाच झाला. बायको स्नेहल, सात वर्षांची मुलगी सिद्धी. सगळं छान होतं, फक्त सिगारेट सुटत नव्हती. गेल्या एप्रिलमध्ये पेटती सिगारेट बोटांत धरून हा झोपी गेला. गादी पेटली. पलीकडच्या खोलीत मुलगी होती. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. घरमालकाने घर सोडायला लावलं आणि स्नेहलने याला सोडलं. मुलीला घेऊन ती दूर हॅमिल्टन शहरात, रोटोटुनात राहणाऱ्या भावाकडे गेली. जाताना अट सांगून गेली: सहा महिने एकही सिगारेट नाही. वेप चालेल, तीही कमी करत आणायची. एक जरी ओढलीस तर आम्ही परत येत नाही.

तेव्हापासून त्याचं हे सुरू आहे. आणि तेही माझ्या जेवणाच्या टेबलावर, कारण खोलीत म्हणे उजेड कमी पडतो. एका बारीक सळईवर केसासारखी तार सात वेढे गुंडाळायची. दोन टोकं स्क्रूखाली आवळायची. एका चिमुकल्या मीटरवर ओहम बघायचे. मग बटण दाबून कॉइल लाल करायची आणि चिमट्याने टोचत बसायचं, ती मधून बाहेर सारखी लाल होत गेली पाहिजे. एक वेढा आधी लाल झाला की साहेब सगळं उपटून पहिल्यापासून! शेवटी कॉइलच्या पोटातून कापसाची वात ओवायची, त्यावर गोड वासाचं लिक्विड. संध्याकाळी माझ्या आमटीला कस्टर्डचा वास येतो. तारेचे तुकडे मी पायातून काढले आहेत. नातेवाईक विचारतात, तुमचा भाडेकरू काय करतो? काय सांगू, दाणे लाल करतो!

बरं, एवढं करून तक्रार आहेच. महिनाभर एकच रड: "चव जळकी येतेय, काकू. निकोटीन कमी केलं ना, तर आता चव तरी पाहिजे. नाहीतर हात तिकडे जातो." तिकडे म्हणजे सिगारेटकडे. मी म्हटलं, "हात बांधून ठेव."

त्याच सुमाराला माझ्या नणंदेने, सांगलीच्या सुलेखाने, त्रिपुरीसाठी लक्ष वातींचा संकल्प सोडला आणि त्यातल्या दहा हजार माझ्या गळ्यात मारल्या. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई, माझा संकल्पांवर फारसा विश्वास नाही. पण सुलेखाला नाही म्हणण्यापेक्षा दहा हजार वाती वळणं सोपं. बोटांना दुधाचा हात लावायचा आणि वळत राहायचं. स्टीलचा मोठा डबा निम्मा भरला होता.

ऑक्टोबरातला शनिवार. नॉर्थवेस्टर, म्हणजे इथला गरम कोरडा वारा, असा सुटला होता की दोरीवरचे कपडे शेजाऱ्याकडे निघाले होते. मी ते धरायला बाहेर गेले. परत आले तर घरात दूध जळल्याचा वास. गॅस तर बंद. टेबलाशी सुशील खोकून खोकून लाल झालेला.

"काकू, तुमच्या कापसात काय आहे?"

"माझ्या कापसात तू काय करत होतास, ते आधी सांग."

डबा उघडा. चाळीसएक वाती उलगडून पिंजलेल्या.

"माझा कापूस संपला. कुरियर आला नाही. म्हटलं, हा देवाचा, म्हणजे शुद्धच असणार."

"देवाचा आहे, तुझ्या नळकांड्याचा नाही! दुधाचा हात लावून वळलेल्या वाती आहेत त्या. दूध तापवून प्यायलास, गाढवा!"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी नाही हसला. वेप टेबलावर आपटली. "बास. चौदा दिवस राहिलेत आणि मला नाही जमत," म्हणाला, आणि दार उघडं टाकून गेला. वाऱ्याने कापूस घरभर.

जाऊ दे मरू दे, असंच माझ्या मनात आलं. पण त्याच दिवशी सकाळी सिद्धी फोनवर दिसली होती. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवत म्हणाली होती, "फोर्टीन मोअर स्लीप्स, पप्पा." त्या पोरीला हे कोण सांगणार होतं? मीच, दुसरं कोण. म्हणून पायात जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, अडकवून निघाले.

कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेर, इथे किराणा-सिगारेटच्या दुकानाला डेअरी म्हणतात, बाकावर बसला होता. हातात पाकीट.

"फोडलंस?"

"नाही."

"का?"

"लायटर घ्यायला विसरलो. परत आत जायची लाज वाटली."

मला हसावं की मारावं कळेना.

"तुम्हाला नाही कळायचं, काकू. वीस वर्षं ओढलीय मी."

"मला कळून घ्यायचंही नाही. माझ्या डोळ्यांत धूळ जातेय. ते पाकीट इकडे दे आणि उठ."

दिलं त्याने. मुकाट्याने उठलाही.

घरी आल्यावर म्हटलं, दाखव तुझी ती वात कशी ओवतोस. त्याने जुनी बाहेर काढली आणि माझं डोकंच फिरलं. कॉइलमध्ये कापूस असा ठासलेला की गादीत भरावा!

"एवढा गच्च का?"

"लिक्विड गळू नये म्हणून."

"अरे, मग ते चढणार कुठून? समईत गच्च वात घाल, बघ कशी काजळते. धाग्यांमध्ये जागा असेल तरच तेल चढतं. महिनाभर कोरडा कापूस जाळत होतास आणि चव नाही म्हणत होतास. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे शिकवत नाहीत?"

"आम्हाला तारेचं शिकवतात, काकू."

माझ्याकडे न वळलेल्या कापसाचा गोळा होता. तो उकळला, पिळला, मलमलच्या फडक्यात बांधून दोरीवर टांगला. नॉर्थवेस्टरचा तेवढा एक उपयोग: अर्ध्या तासात कोरडा. मी पिंजून दिला, त्याने ओवला. कॉइलमधून सरकवून बघितला तर जरासा अडत सरकत होता, तसाच हवा होता. टोकं मोकळी सोडली. एक झुरका घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "काकू!"

"पुरे. मला कस्टर्डचा वास आला, तेवढं बास आहे. ते काही अमृत नाही. आणि चाळीस वाती मोडल्यास, चारशे वळून दे."

चारशेवर तो थांबला नाही. रोज कामावरून आला की हात धुऊन बसायचा. कॉइल एकदा बसली की पुन्हा उपटायची गरज राहिली नव्हती आणि बोटांना काहीतरी हवंच होतं. त्याच्या वाती एकसारख्या, माझ्याहून सरस, याचाही मला राग आला. सुलेखाने व्हिडिओवर बघून विचारलं, "वहिनी, या इतक्या सुबक कुणी वळल्या?"

"भाडेकरूने."

"अगंबाई! पुरुषाच्या हातची चालते का, गुरुजींना विचारते."

"विचारू नकोस. पेटते."

ठरल्या दिवशी स्नेहल आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच मला म्हणाली, "काकू, तुम्ही तोंडावर बोलता म्हणून तुम्हालाच विचारते. ओढली का त्याने?"

सुशील टेबलाशी वात वळत होता. त्याची बोटं थांबली.

"ओढली नाही. विकत घेतली होती," मी म्हटलं आणि डब्याच्या तळाशी दडवलेलं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. तो पांढराफटक पडला. पण खोटं बोलायला मी त्याची आई नाही.

स्नेहलने पाकीट सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. वरच्या चकचकीत कागदाच्या कडेवरून नख फिरवलं.

"का नाही फोडलंस?"

"लायटर नव्हता."

हेच सांगायचं होतं का याला, सहा महिने थांबून? मी कपाळावर हात मारला.

"लायटर दुसऱ्या दिवशी मिळाला असता," ती म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी वाती वळत होतो. तिसऱ्या दिवशीपण."

तिने डब्यात हात घालून मूठभर वाती उचलल्या, बघितल्या, परत ठेवल्या. तेवढ्यात सिद्धी बापाला चिकटून बसली. "कॅन आय डू वन?" म्हणाली आणि सुरवंटासारखी एक वात करून मोकळी झाली. सुशीलने ती इतरांमध्येच ठेवली.

पाकीट स्नेहलने स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"काकू, तुमच्या मागच्या खोलीत अजून एक गादी मावेल?"

"मावेल," मी म्हटलं. "पण त्या गादीवर बसून काहीही लाल करायचं नाही."