दादाची बर्फी, दादाचा नमस्कार

किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस गेला की लोक ते आपणहून आणून देतात.

अकोल्यात जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी माझा मोठा भाऊ, सुरेशदादा, हार्ट अटॅकनं गेला. तेव्हापासून जो येतो तो हार घेऊन जातो आणि दादाचा एक किस्सा ठेवून जातो. सुरुवात ठरलेली, "तुले हे माईत नसन!"

डोक्यात जातं माझ्या. भाऊ माझा आणि मलाच माहीत नसेल?

सगळ्यात जास्त किस्से गजूभाऊकडे. आमच्या शेजारी त्याचं नारळाचं दुकान. तो दादाचा जिगरी दोस्त. मी बोलायला लागलो की मधेच म्हणतो, "अबे, तू लहान होता तवा." मी आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून दादाच्या बाजूला बसून हार गुंफतोय. कसला लहान!

म्हणून आज माझ्याकडचे सांगतो.

*

दादाला शुगर होती. अमरावतीहून ताई यायची ती त्याच्यासाठी शुगर फ्री बर्फीचा डबा घेऊन. फक्त त्याच्यासाठी! मला काय, तर "तू बाहेरून जिलेबी आणून खा."

एकदा मला इतका राग आला, की दादा मंडईत गेल्यावर अख्खा डबा एकट्यानं संपवला. चांगली गोड होती!

तासाभरात पोटात असं काही गुरगुरायला लागलं, की विचारू नका. दिवसभर मी संडासातून बाहेर आलो की परत आत. दादा दाराबाहेर उभा राहून डब्यावरचं बारीक अक्षर वाचत होता.

"लिवलं हाय इथं. जास्त खाल्ली तर जुलाब होतात म्हणून."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?" मी आतून ओरडलो.

"तू इचारून चोरी केली असती, तर सांगतलं असतं!"

*

दादा मात्र ती बर्फी बिनधास्त खायचा. साखर नाही ना, मग चार खा. ताईनं दाखवलेल्या अमरावतीच्या डॉक्टरांनी समजावलं, "अहो, त्यात माल्टिटॉल असतं. ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतंच. आणि खवा काय हवेचा असतो का? रोज घरी मशीनवर शुगर तपासा, वहीत लिहा."

दादाची बोटं कडक झाली होती. सुई टोचली तरी थेंब लवकर यायचा नाही. मग तो मला हाक मारायचा. "आण तुहं बोट."

मी लगेच पुढे करायचो. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ तो माझा हात धरून बसायचा. गजूभाऊचा हात काही धरत नव्हता!

पुढच्या वेळी डॉक्टरांनी वही पाहिली. मग लॅबचा तीन महिन्यांचा रिपोर्ट पाहिला. परत वही पाहिली.

"सुरेशराव, वहीतला माणूस एकदम ठणठणीत आहे. रिपोर्टमधला माणूस वेगळाच दिसतो!"

दादानं माझ्याकडे बोट केलं. "वहीतला हा हाय, साहेब."

डॉक्टर आम्हा दोघांवर खूप चिडले. ताई तर रडली. आम्ही बसस्टँडवर येईपर्यंत हसत होतो. आता ती वही मी उघडत नाही.

*

त्याच दिवशी डॉक्टरांनी दादाला नमस्कार करायला सांगितला. दादाला वाटलं, माफी मागायला लावतात. त्यानं हात जोडले. तळव्यांची खालची बाजू टेकली, पण बोटं वाकडीच राहिली. मध्ये फट.

डॉक्टर म्हणाले, "साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की कातडीखालचे धागे घट्ट होतात, बोटं सरळ होत नाहीत."

"म्हंजे पाक पक्का झाला!" दादा म्हणाला.

बाहेर येऊन मला म्हणतो, "जलमभर देवाले हात जोडले, अन् आज नमस्कारात नापास!"

*

गजूभाऊला बोटांचं नाही, फक्त शुगरचं माहीत होतं. हार गुंफायचं सगळं काम हळूहळू माझ्याकडे आलं, तर तो म्हणायचा, "सुरेश आळशी झाला." त्यानं एकदा मोबाईलवर आलेलं वाचून दाखवलं. कुठंतरी शुगर झालेल्या उंदरांना झायलिटॉल नावाची, साखरेऐवजी वापरतात ती पूड खाऊ घातली, तर त्यांची कातडी सुधारली म्हणे. "तूबी खा लेका!"

दादा म्हणाला, "त्या उंदरालेच पाठव इकडं. हार गुंफन!"

*

दुकान उघडलं की दादा समोरच्या मारुतीला हात जोडायचा. डॉक्टरकडून आल्यावर तो दोन तळव्यांमध्ये शेवंतीचं फूल धरायला लागला. पुढे शेवंती सुटून पडायला लागली, तेव्हा झेंडू घेतला. मग मोठा झेंडू.

मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "गज्याले सांगू नको. तो मले बसवून खायले घालन. तुले एकट्यालेच माईत राहू दे."

दादा गेला त्या दिवशी अंगणात गजूभाऊ त्याचे हात जोडायला बसला. जमेना. कोणीतरी म्हणालं, दोरीनं बांधा. मी गजूभाऊला बाजूला सारलं, टोपलीतले दोन मोठे झेंडू घेतले आणि दादाच्या तळव्यांमध्ये ठेवले. बरोबर बसले.

"पायलं का!" गजूभाऊ रडत सगळ्यांना सांगत सुटला, "फुलाबिगर नमस्कार नाही केला माह्या दोस्तानं! काय भक्ती!"

आता रोज सकाळी तो आमच्या टोपलीतला झेंडू उचलतो आणि मारुतीपुढे तसेच हात जोडतो. गिऱ्हाइकांना सांगतो, "हे सुरेशनं मले एकट्याले शिकोलं."

काल हात उघडून बघत होता. फुलाचा पार चेंदामेंदा झालेला.

"काहून रे, सुरेशच्या हातातलं फूल तर कसं ताजं राहे!"

मी सुईत दोरा ओवत होतो. मान वर केली नाही.

"तुही भक्ती कमी पडते, गजूभाऊ."